ऑपरेटर नव्हे, कॉम्प्युटर

माझी आई कॉम्प्युटर होती असं मी सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो, आणि मग माझं वाक्य पुरं करून दिल्यासारखं विचारतो, "कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणायचंय ना तुम्हाला?" बँकेत विचारतात, लग्नकार्यात विचारतात, मुलीच्या मैत्रिणीही विचारतात. नाही, ऑपरेटर नाही. नुसतं कॉम्प्युटर. इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलंत म्हणून एकदा बैजवार लिहिते.

आई साठच्या दशकात एका सरकारी सांख्यिकी कार्यालयात लागली. सर्व्हिस बुकात हुद्दा इंग्रजीत लिहिलाय: कॉम्प्युटर. फक्त स्पेलिंगच्या शेवटी आज असतं तसं 'ई-आर' नाही, 'ऑडिटर'सारखं 'ओ-आर' आहे. आपल्याकडच्या सरकारी कार्यालयांत माणसाचं पद लिहिताना हे स्पेलिंग पुष्कळ वर्षं चाललं. तालुक्यातालुक्यांतून पाऊस, पेरणी, बाजारभाव यांचे आकडे यायचे, आणि त्यांच्या बेरजा, सरासऱ्या, टक्केवाऱ्या काढून तक्ते भरायचे हे तिचं काम. हिशोब करते ती कॉम्प्युटर. शब्दाचा मूळ अर्थ तेवढाच आहे, आणि तीनशेहून जास्त वर्षं तो तेवढाच होता.

टेबलावर फॅसिट कंपनीचं हँडलचं यंत्र असायचं. लहानपणी सुट्टीत मी ते जवळून पाहिलंय. समजा ३४७ गुणिले २६ करायचंय. आकड्यांच्या कळा दाबून ३४७ लावायचे, उजवीकडचं हँडल सहा वेळा पुढे फिरवायचं, मग एक घर सरकवून आणखी दोन वेळा. वरच्या खिडकीत २६ दिसायला लागले की गुणिले बरोबर झाले, आणि उत्तराच्या खिडकीत ९०२२. भागाकारात उलटं फिरवायचं आणि एक फेरी जास्त झाली की टिंग्‌ करून घंटी वाजायची, मग एक फेरी परत. दुपारी सगळ्या टेबलांवर काम जोरात असलं की त्या खोलीत शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. पण आई हँडल फिरवून उत्तर आलं म्हणजे काम झालं असं कधीच मानायची नाही. ती ताळा बघायची. ३४७ चे अंक मिळवले की १४, म्हणजे ५. २६ चे ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. उत्तराचे अंक ९, ०, २, २ मिळून १३, म्हणजे ४. जुळलं. हे सगळं ती तोंडानं काही न बोलता, पेन खाली ठेवेपर्यंत उरकायची.

महत्त्वाचा तक्ता असला की तो दोघींना वेगवेगळा करायला देत. एकीनं दुसरीचा कागद बघायचा नाही. मग तिसरी व्यक्ती दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न्‌ ओळ पडताळायची. चुकला आकडा खोडायचा नाही. त्यावर एकच रेघ, वर बरोबर आकडा आणि बाजूला इनिशियल. ही पद्धत मला त्या कार्यालयाची वाटायची. पुढे वाचताना कळलं की ती थेट अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधून आलेली आहे, आणि तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये. 'पुतारे' म्हणजे झाडाच्या फांद्या छाटणं, साफ करणं. त्यावरून हिशोब साफ करणं, आणि त्यावरून विचार करणं. त्याला 'कॉम' जोडून झालं 'कॉम्पुतारे', एकत्र मांडून मोजणं. इंग्रजीतले 'काउंट' आणि 'अकाउंट' हे फ्रेंचमधून फिरून आलेले याच घरातले शब्द. डॉक्टर हात-पाय कापायला लागतात त्याला 'अँप्युटेशन' म्हणतात, त्यात मूळ छाटणीचा अर्थ अजून शिल्लक आहे. मध्ययुगात 'कॉम्पुतुस' हे एका विशिष्ट हिशोबाचं नाव होतं: ईस्टरचा रविवार कोणत्या तारखेला येतो हे काढण्याचं गणित. चंद्र आणि सूर्य दोघांचा मेळ घालायचा म्हणजे आपल्या अधिक मासासारखीच भानगड. बीड नावाच्या इंग्लिश साधूनं ७२५ साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. इंग्रजीत 'कॉम्प्युटर' हा शब्द छापलेला सापडतो तो १६१३ सालचा, आणि तिथेही काळाचा खरा हिशोब ठेवणारा माणूस याच अर्थानं. म्हणजे पहिला कॉम्प्युटर पंचांग जाणणारा होता असं म्हणायला हरकत नाही.

पुढे त्या शब्दाला पोटापाण्याच्या नोकरीचा अर्थ आला तो समुद्रामुळे. जहाज भर समुद्रात असताना आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे कळायला मार्ग नव्हता. त्यावरचा एक उपाय असा की चंद्र आणि एखादा तारा यांच्यातलं अंतर मोजायचं आणि त्या क्षणी ग्रिनिचला किती वाजले असतील हे छापील कोष्टकात पाहायचं. पण त्यासाठी चंद्र कुठे असेल हे वर्षभराचं, दर तीन तासांचं, आधीच काढून ठेवलेलं हवं. नेव्हिल मॅस्केलिन १७६५ साली इंग्लंडचा राजखगोलशास्त्रज्ञ झाला आणि त्यानं हे काम अंगावर घेतलं. १७६७ सालचं पहिलं 'नॉटिकल अल्मनॅक' निघालं.

हे आकडे काढणारी माणसं ग्रिनिचला नव्हतीच. कोणी कॉर्नवॉलमध्ये, कोणी श्रॉपशायरमध्ये, आपापल्या घरी बसून, टपालानं आलेल्या सूचनांप्रमाणे महिन्यामहिन्याचं गणित करणारी. शाळामास्तर, मोजणीदार, पाद्री. त्यांना म्हणायचे कॉम्प्युटर. चंद्राची स्थानं दोघंजण स्वतंत्रपणे काढायचे आणि तिसरा माणूस, त्याला 'कम्पेरर' म्हणत, तो दोन्ही पडताळायचा. कीच आणि रॉबिन्स नावाच्या दोघा कॉम्प्युटरांनी एकमेकांचे आकडे उतरवून घेतले, तेव्हा कम्पेरर मलाकी हिचिन्सनं ते पकडलं. दोघांच्या चुका तंतोतंत सारख्या आल्या की संशय येणारच. दोघांची नोकरी गेली. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. "म्हणूनच आम्हाला वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून बसवायचे," म्हणाली.

चूक पकडायची त्या लोकांची आणखी एक युक्ती आईनं मला शाळेत असताना दाखवली होती, तेव्हा ती कुठली हे मला ठाऊक नव्हतं. घन संख्या लिहा: १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३. शेजारशेजारच्या वजाबाक्या करा: ७, १९, ३७, ६१, ९१, १२७. त्यांच्या पुन्हा वजाबाक्या: १२, १८, २४, ३०, ३६. पुन्हा एकदा: ६, ६, ६, ६. आता ६४ च्या जागी कोणी चुकून ६५ लिहिले असं समजा. वरची ओळ पाहून काही कळत नाही. पण तिसऱ्या वजाबाकीत ६, ६, ६, ६ ऐवजी ७, ३, ९, ५ येतात. एकाची चूक खाली जाता जाता अशी उघडी पडते, आणि चूक नेमकी कोणत्या घरात आहे तेही सांगते. अल्मनॅकची कोष्टकं अशी तपासत. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं पुढे जे यंत्र बांधायला घेतलं त्याचं नावही यावरूनच, 'डिफरन्स एंजिन'. फरकांचंच यंत्र.

या मंडळींत मला सगळ्यात जवळची वाटते ती श्रॉपशायरमधल्या लडलो गावची मेरी एडवर्ड्‌स. काम तिच्या नवऱ्याच्या नावावर होतं. तो पाद्री, आणि दुर्बिणींचे आरसे बनवायच्या नादी लागलेला. १७८४ साली तो वारला. तेव्हा तिनं मॅस्केलिनला कळवलं की इतकी वर्षं गणित बहुतेक मीच करत होते, तर ते यापुढेही मलाच द्यावं. मॅस्केलिननं दिलं. १८१५ मध्ये मरेपर्यंत ती ते करत राहिली आणि तिच्यामागे तिची मुलगी इलायझा. १८३२ च्या सुमाराला सरकारनं घरोघरचं हे काम बंद करून लंडनमध्ये रीतसर कचेरी थाटली आणि इलायझाचं काम गेलं, कारण तशा सरकारी नोकरीत बायकांना जागा नव्हती. किती जहाजं या मायलेकींच्या आकड्यांवर विसंबून मुंबईपर्यंत आली असतील! कप्तानांना त्यांचं नाव कुठून ठाऊक असणार?

नाव जाणं ही या शब्दाच्या इतिहासातली पुन्हा पुन्हा होणारी गोष्ट आहे. फ्रान्समध्ये हॅलेचा धूमकेतू कधी परतेल हे क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी महिनोन्‌महिने बसून काढलं. क्लेरोनं पुढच्या पुस्तकात लपोतबाईंचा उल्लेख गाळला. पण आपल्या देशातलं उदाहरण त्याहून मोठं आहे.

राधानाथ शिकदार १८३१ साली, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे असताना, कोलकात्याच्या हिंदू कॉलेजातून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कॉम्प्युटर म्हणून लागले, महिना ३० रुपयांवर. वरिष्ठ होते जॉर्ज एव्हरेस्ट. एव्हरेस्टसाहेबांनी त्यांच्या गणिताची वाखाणणी केली आणि पुढे राधानाथ चीफ कॉम्प्युटर झाले. हुद्दा खरोखर हाच होता, कागदोपत्री. 'शिखर १५' म्हणून नोंदलेलं एक टोक बिहारच्या सपाटीवरच्या सहा ठिकाणांहून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, मोजलं गेलं होतं. इतक्या लांबून येणारा प्रकाश हवेतून वाकतो, त्यामुळे शिखर असतं त्याहून उंच दिसतं. हवेचं तापमान, दाब, पृथ्वीची गोलाई, सगळ्यांच्या दुरुस्त्या करत उत्तर आलं ते २९,००२ फूट. १८५२ पर्यंत कचेरीत कळलं होतं की हे जगातलं सर्वांत उंच शिखर दिसतंय. सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी ते १८५६ मध्ये जाहीर केलं आणि नाव दिलं आपल्या आधीच्या साहेबांचं. राधानाथ धावत साहेबांच्या खोलीत गेले वगैरे जी गोष्ट सांगतात ती रंगवलेली आहे. ते त्या वेळी कोलकात्यात होते आणि वॉ डेहराडूनला. रंगवायची गरजही नाही. आजच्या मोजमापाशी त्या आकड्याचा फरक तीस फुटांच्या आसपास आहे, तोही कागद, पेन आणि लॉगॅरिथमच्या पुस्तकावर. मला तेवढं पुरतं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. सर्वेक्षणाची जी सरकारी मार्गदर्शिका १८५१ मध्ये निघाली तिच्या प्रस्तावनेत राधानाथांचं ऋण स्पष्ट मानलेलं होतं, कारण त्यातला तांत्रिक भाग त्यांनी लिहिला होता. १८७० मध्ये राधानाथ वारले. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर राहिला आणि नाव काढून टाकलं. 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजी वृत्तपत्रानंच तेव्हा याला मेलेल्या माणसाची लूट म्हटलं. हेच राधानाथ १८४३ मध्ये डेहराडूनला सर्वेक्षणातल्या मजुरांना वेठीला धरणाऱ्या गोऱ्या मॅजिस्ट्रेटशी भांडले होते आणि २०० रुपये दंड भरून मोकळे झाले होते. कॉम्प्युटर म्हणजे सांगितलेले आकडे मुकाट्यानं मिळवणारा, असा कोणाचा समज असेल तर त्यांनी हा माणूस आठवावा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंगनं बायकांची मोठी तुकडी उभी केली. त्यांनाही कॉम्प्युटरच म्हणत. पगार तासाला पंचवीस-तीस सेंट. विल्यमिना फ्लेमिंग त्याच्या घरी मोलकरीण म्हणून आली होती. ती पुढे त्या तुकडीची प्रमुख झाली. हेन्रिएटा लेव्हिटनं काचेच्या प्लेटांवरचे काळे ठिपके मोजता मोजता हे दाखवलं की ठरावीक जातीचा तारा जितका सावकाश मिणमिणतो तितका तो मुळात तेजस्वी असतो. त्यावरून दूरच्या आकाशगंगांचं अंतर काढता आलं. १९१२ मध्ये ते छापलं गेलं, सही पिकरिंगची. निदान पहिल्याच वाक्यात हे मिस लेव्हिटनी तयार केलंय असं लिहिलं होतं.

आता शब्द वळला कुठे ते पाहू. १९३६ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंगनं तो प्रसिद्ध निबंध लिहिला, ज्याला आजच्या सगळ्या संगणकशास्त्राचा पाया मानतात. त्यात 'कॉम्प्युटर' हा शब्द अनेकदा येतो आणि प्रत्येक वेळी तो माणूस आहे. मुलांच्या गणिताच्या वहीसारख्या चौकटी आखलेल्या कागदावर आकडे लिहिणारा. ट्युरिंग त्याला 'ही' म्हणतो, 'इट' नाही. कॉम्प्युटर पुढे काय करणार हे त्याला समोर कोणतं चिन्ह दिसतंय आणि त्याची मनःस्थिती काय आहे यावर ठरतं, असं तो सांगतो. आजचा वाचक हा निबंध उघडतो तेव्हा यंत्राला मनःस्थिती कुठली म्हणून चक्रावतो. ट्युरिंगला यंत्र असं मांडायचं होतं जे या माणसासारखं वागेल. मूळ नमुना माझ्या आईच्या खोलीतलाच होता.

मग दुसरं महायुद्ध आलं. तोफेचा गोळा कुठे पडेल याची कोष्टकं हवी होती आणि फिलाडेल्फियात गणित शिकलेल्या तरुण मुली शेकड्यांच्या हिशोबानं नेमल्या गेल्या. हुद्दा कॉम्प्युटर. एका गोळ्याच्या मार्गाचं गणित एकीला हँडलच्या यंत्रावर तीस-चाळीस तास पुरायचं. तेच काम अर्ध्या मिनिटात करणारं एनिअ‍ॅक हे अवाढव्य यंत्र १९४६ च्या फेब्रुवारीत जगापुढे आलं. त्याच्या लांबलचक नावातला शेवटचा शब्द म्हणजे 'कॉम्प्युटर'. ते चालवायला कोणाला निवडलं? त्याच मुलींपैकी सहा जणींना: के मॅक्नल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन. नुसते आराखडे वाचून त्यांनी त्या यंत्राला काम शिकवलं. उद्‌घाटनानंतरच्या मेजवानीला त्यांना बोलावलं नाही.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बेल लॅबोरेटरीजमधले जॉर्ज स्टिबिट्झ, 'डिजिटल' हा शब्द या क्षेत्रात आणणारे, यांनी १९४५ साली एका अहवालात संज्ञा ठरवून टाकल्या. एकामागून एक क्रिया आपोआप करणाऱ्या यंत्राला 'कॉम्प्युटर' म्हणावं, आणि गोंधळ होऊ नये म्हणून हे काम करणाऱ्या माणसांना यापुढे 'ऑपरेटर' म्हणावं. बँकेतला माणूस मला जे सुचवतो ते त्याचं स्वतःचं नाही. तो या वाटणीचा वारस आहे. यंत्राला माणसाचं पद मिळालं आणि माणूस यंत्राचा चालक झाला. कोणत्याही एका कागदानं भाषा बदलत नाही हे मला मान्य आहे. पण हा बदल कोणी आपसूक झालाय म्हणालं की मला हा अहवाल आठवतो.

बदल व्हायलाही वेळ लागला. अमेरिकेत लँग्लीच्या विमान संशोधन केंद्रात १९३५ पासून महिला कॉम्प्युटर होत्या आणि १९४३ पासून कृष्णवर्णीय महिलाही, वेगळ्या इमारतीत. उपाहारगृहातल्या त्यांच्या टेबलावर पाटी असे: 'कलर्ड कॉम्प्युटर्स'. आज ही दोन शब्दांची पाटी एखाद्या मुलाला दाखवली तर त्याला रंगीत पडदाच आठवेल. मिरियम मान नावाच्या कॉम्प्युटर ती पाटी उचलून पर्समध्ये टाकायच्या. नवी आली की तीही. शेवटी पाटी यायची बंद झाली. १९६२ च्या फेब्रुवारीत जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघायचा होता तेव्हा त्याचा मार्ग आयबीएमच्या यंत्रानं काढलेला होता. ग्लेननं सांगितलं, त्या मुलीला आकडे तपासू दे, ती बरोबर म्हणाली तर मी तयार आहे. ती मुलगी म्हणजे लँग्लीतल्याच, चाळिशी ओलांडलेल्या कॅथरीन जॉन्सन. त्या दीड दिवस टेबलावरच्या यंत्रावर तेच गणित करत बसल्या आणि उत्तर जुळलं. दोन्ही अर्थांचे कॉम्प्युटर एकाच तक्त्यावर, आणि ताळा माणसाचा.

आणखी अठरा वर्षांनी, १९८० च्या जूनमध्ये, लंडनच्या इंपिरियल कॉलेजात शकुंतला देवींनी तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला. त्यांना जगभर नाव पडलं 'ह्यूमन कॉम्प्युटर'. राधानाथांना कोणी 'मानवी' म्हटलं नव्हतं, म्हणायचं कारणच नव्हतं. शब्द यंत्राकडे पुरता गेला याची खूण हीच की माणसाला तो लावताना आता विशेषण जोडावं लागलं, आणि तेही आश्चर्यानं.

आपल्या भाषेत काय झालं? गणक म्हणजे माणूस, ग्रहगणित करणारा. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत काम करत आणि त्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत आणली. टिळकांना गणिताची गोडी ज्यांनी लावली ते हेच. यंत्र आलं तेव्हा त्याच गणकाला 'सम्‌' जोडून 'संगणक' झालं, म्हणजे लॅटिननं 'कॉम' जोडलं अगदी तसंच. पण जनगणनेला दारावर येणारा तो 'प्रगणक', आणि तो अजून माणूस आहे. मला हे फार आवडतं की मराठीत एका धातूवरून यंत्र आणि माणूस दोघांना शेजारी शेजारी जागा राहिली.

आईच्या कार्यालयातही यंत्र आलं. ते दुसऱ्या शहरात होतं. इथून तक्ते भरून जायचे आणि कडेला भोकं असलेल्या लांबच लांब कागदावर छापून परत यायचे. आसपास नोकऱ्या जातील म्हणून मोर्चे निघत होते. ते भय खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तिच्या खोलीतली पदं हळूहळू भरायची बंद झाली. तिला मात्र त्या छापील कागदांवर ताळा करायला बसवलं. एकदा तिनं एका तालुक्याची एकूण पेरणी त्याच तालुक्यातल्या दोन मंडळांच्या बेरजेपेक्षा कमी आहे हे पकडलं. वर कळवलं तर उत्तर आलं, मशीन चुकत नाही. तिनं मूळ तक्ते काढून दाखवलं की पंच करताना, म्हणजे यंत्रासाठी कार्डांवर भोकं पाडताना, एक ओळ वगळली गेलीय. दुरुस्ती झाली. तिच्या बाजूनं बोलायला ना यंत्र होतं ना हुद्दा. तोवर तिच्या कागदांवर 'सहायक' लिहायला लागले होते.

आता शब्द पुन्हा हललाय. माझी भाची बंगळूरला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीत आहे, तिच्या बोलण्यात 'कम्प्यूट' हे नाम असतं: आमच्याकडे कम्प्यूट कमी आहे, कम्प्यूट महाग झालंय. पाण्यासारखं, विजेसारखं, विकत घ्यायची वस्तू. आता हिशोब मेगावॉटमध्ये होतो. चाळीसच्या दशकात अमेरिकेत हेच मोजायला काही जण 'किलोगर्ल' हे माप वापरत, म्हणजे अशा मुलींचं साधारण हजार तासांचं काम. मी तिला ते सांगितलं तर तिला खरं वाटेना. मग तिला स्टिबिट्झ सांगितला, राधानाथ सांगितले, आणि आजीचं सर्व्हिस बुक दाखवलं. 'ओ-आर'वर तिनं बराच वेळ बोट ठेवलं होतं.

हार्वर्डच्या त्या बायकांच्या अडीच हजारांच्या आसपास वह्या काही वर्षांपूर्वी तिथल्या ग्रंथालयात पुन्हा हाती लागल्या. त्यांची पानं स्कॅन करून ठेवली आणि जगभरच्या स्वयंसेवकांना ती टंकून द्यायला सांगितलं, म्हणजे कोणतं काम कोणी केलं हे शोधता येईल. मीही काही पानं केली. बहुतेक पानांवर नुसते आकडे, मध्येच एखादी टीप. वाचता न येणारा आकडा अंदाजानं भरायचा नाही, तिथे तशी खूण करायची. आणि तुमचं पान झालं की ते तसंच स्वीकारत नाहीत. दुसरा कोणी, तुम्हाला न ओळखणारा, मूळ पान समोर ठेवून ओळ न्‌ ओळ पडताळतो. माझ्या एका पानावर त्यानं दोन आकडे दुरुस्त केले. मी मूळ पान मोठं करून पाहिलं. त्याचे बरोबर होते.